एकाच बांबूला

तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लंबक टांगले.
पितळी गोळे, दोरा, बुचाचे दोन अर्धे.
आणि एका ढिल्या दोरीवर शेजारी शेजारी
दोन सारखे.
एकाला धक्का द्यायचा,
दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पहिला थकत जातो, दुसरा उगाच जागा होतो,
मग पहिला ठार थांबतो
आणि दुसरा त्याचं सगळं अंगावर घेऊन झुलतो.
मग उलट.
सर म्हणायचे, दोरी. सगळं दोरीतून जातं.
तास संपला की पोरं लंबक हलते ठेवूनच पळायची.
मी दिवे मालवून थोडा वेळ बसायचो.
मग गोळे पुसून पेटीत.

राजमती कुपवाडच्या सूतगिरणीमागं
पत्र्याच्या शेडात पोरं सांभाळते.
पहिल्या पाळीच्या बायका भोंग्याआधी येतात,
पोर हातात देतात, मागं बघत नाहीत.
मी रिटायर झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी
तिला डबा द्यायला गेलो.

आडव्या बांबूला तीन झोळ्या,
जुन्या साड्यांच्या. एक निळी, एक जांभळी, एक विटकी नायलॉनची.
कडेच्या झोळीला, मालनच्या विघ्नेशला,
तिनं एकच झोका दिला
आणि तूर निवडायला बसली.
बांबू कुरकुरला.
मधली झोळी, शमाच्या अयानची, कुणी न शिवता हलली.
मग पलीकडची, बिहारी हमालाच्या गुंजाची.
माझ्या हातात डबा तसाच.

लांबी सारखी कशी ठेवलीस, मी विचारलं.
‘सारखी कुठं? विघ्नेश जड हाय, कापड ताणतंय.
त्याची गाठ चार बोटं वर.
न्हाईतर ही दोघं एकीकडं अन् त्यो भलतीकडं,
बांबू दचकतोय, मग तिन्ही उठत्यात.’
चार बोटं.
आमच्याकडं एक मिलिमीटर इकडंतिकडं झाला
तर वहीत लाल पेन.

दिवाळीनंतर ठेकेदार बदलला.
गुंजाचे आईबाप एका रात्रीत गेले,
पगार न घेता, कुठं ते कुणाला माहीत नाही.
राजमतीनं नायलॉनची झोळी सोडून घडी घातली.
त्या दिवशी अयान झोपला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही. ताप नव्हता. पोट मऊ होतं.
मी बांबूकडं बघत बसलो.
विघ्नेशकडून आलेला झोका त्याच्यापर्यंत यायचा,
पुढं जायला जागा नव्हती,
लगेच माघारी फिरायचा.
मधल्याला उसंतच नाही.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं.
ती उठून आत गेली होती.
रेशनच्या पिशवीत तांदूळ घेऊन आली,
हातावर तोलला, थोडा काढला, परत मूठभर घातला.
हातांना त्या पोरीचं वजन पाठ होतं.
झोळी जुन्या वळावरच बांधली,
पिशवी आत निजवली,
विघ्नेशला झोका दिला.

थोड्या वेळानं बघितलं तर
विघ्नेशची झोळी उभी, मधली उभी,
दोघांचे ओठ उघडे,
आणि सगळा झोका तिकडं,
तांदळात.

शमा दूध पाजायला आली, झोळीत डोकावली.
‘ही कुणाची, मावशी?’
‘हाय एकीची,’ राजमती म्हणाली.

संक्रांतीच्या आधी तांदळात सोंडे झाले.
मी म्हटलं, आता शिजवून टाकू या.
तिनं तो उन्हात पसरला, चाळला, निवडला,
पिशवीत भरला, हातावर तोलला
आणि डब्यातनं दोन मुठी आणखी घेतल्या.
‘रांगाय लागली असंल आता,’ म्हणाली,
आणि स्टुलावर चढून
गाठ बोटभर वर घेतली.